रिकामा रकाना

आमच्या घरात ‘माकड मेलं’ ही आरोग्याची बातमी समजली जाते. पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना याचं हसू येतं. बेळगावच्या पेपरात आतल्या पानावर कुठेतरी चार ओळी असतात, अमुक गावच्या शिवारात वानर मेलेलं सापडलं म्हणून. माझी मावशी त्या ओळी मोठ्याने वाचते, गावाचं नाव पुन्हा एकदा वाचते आणि विचारते, “एकच काय, आणखी हाईत?” जसा काही बातमीदार समोरच बसलाय.

मावशी खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जंगलाला लागून असलेल्या एका उपकेंद्रात एएनएम होती. लोकांच्या तोंडी ‘नर्सबाई’. २०१९ साली निवृत्त झाली आणि आमच्या शेजारच्या गल्लीत राहायला आली. मी औषधाचं दुकान चालवतो, वडिलांच्या वेळचं. माझी लेक बेंगळूरूला डेटा सायन्स शिकते. मावशीने आयुष्यभर ताप आलेल्या माणसाच्या दारात जाऊन ताप मोजला, मी काउंटरच्या अलीकडून गोळ्या देतो आणि लेक स्क्रीनवर ठिपके बघते. आमचं पटतंच असं नाही. गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटांवर जो वाद झाला, त्यावरून हे लिहायला बसलोय. पण आधी माकडांचं सांगतो. आपल्या अंकाचे वाचक बेळगाव-खानापूरचे आहेत, गोव्याचे आहेत, सावंतवाडी-दोडामार्गशी नातं असलेलेही आहेत, आणि हा ताप या सगळ्यांच्या अंगणात येऊन गेलेला आहे.

१९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापाने पडायला लागली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचे, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ तिथे पोचले. माकडं मरतायत म्हटल्यावर पहिली धास्ती पीतज्वराची होती. तो भारतात कधी नव्हता, आणि आला असता तर हाहाकार झाला असता. निघाला मात्र वेगळाच विषाणू, गोचिडीतून पसरणारा. जंगलाचं नाव रोगाला पडलं. कन्नडात त्याला मंगन कायिले म्हणतात, आपण माकडताप म्हणतो.

या रोगात माकडाचा दोष काही नाही. आपल्यासारखंच तेही गोचिडीकडून आजारी पडतं आणि आपल्याहून लवकर मरतं. ते मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि दुसरं अंग शोधतात. त्यामुळे मेलेल्या माकडाच्या भोवतीची जागा धोक्याची. त्या जागेच्या आसपास पन्नासेक मीटरच्या घेरात गोचीडनाशक पावडर मारतात ती त्यासाठीच. माणसाला गोचीड चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत एकदम जोराचा ताप येतो, कपाळ ठणकतं, अंग पिळून निघतं, काहींना रक्तस्राव होतो. शंभरातली तीन ते पाच, कधी त्याहून जास्त माणसं दगावतात. नेमकं औषध नाही. एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, एवढाच काय तो दिलासा.

प्लेग पाहिलेल्या पिढीला हे समजावून सांगावं लागलं नसतं. घरात उंदीर पडले की बिऱ्हाड उचलून शेतात झोपडी घालायची, हे त्यांना पाठ होतं. उंदीर का पडतात हे कुणाला ठाऊक असो नसो, पडलेला उंदीर हा निरोप आहे एवढं कळायचं. माझी आजी ‘उंदीर पडणे’ हे शब्द उच्चारूसुद्धा द्यायची नाही. मावशीला माकडाच्या बातमीने जे होतं ते बहुधा तिथूनच आलेलं.

कित्येक वर्षं हा रोग शिमोगा आणि आसपासच्या जिल्ह्यांपुरता होता. २०१२ नंतर तो सह्याद्रीच्या कडेकडेने दोन्ही दिशांना सरकला. २०१५ साली गोव्यात सत्तरी तालुक्यातलं पाली गाव, २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यातलं केर, २०१७ मध्ये सावंतवाडीजवळचं बांदा. नकाशावर ही गावं जवळजवळ आहेत. पण पाली गोव्यात, केर आणि बांदा महाराष्ट्रात आणि त्यांच्या पाठीमागचं जंगल अर्धंअधिक कर्नाटकात.

आता काजू. फेब्रुवारी-मार्चला सत्तरीत काजूचा हंगाम सुरू झाला की आपल्याकडची माणसं चोर्ला घाट उतरून तिकडे कामाला जातात. काजूचं बोंड झाडावरून आपसूक गळतं. ते पाचोळ्यातून वाकून वेचायचं, बी पिळून वेगळी काढायची, दमलं की त्याच पाचोळ्यावर बसायचं आणि दुपारी तिथेच आडवं व्हायचं. गोचिडीला याहून सोय कसली हवी? २०१६ साली बेळगाव जिल्ह्यातल्या काही मजुरांना माकडताप झाल्याचं निष्पन्न झालं. ती सगळी माणसं गोव्यात काजूच्या कामाला गेलेली होती. गोचीड चावली गोव्यात, ताप चढला कर्नाटकात, रक्त तपासलं महाराष्ट्रात, पुण्याला. सीमाभागातल्या माणसाचं आयुष्य थोडक्यात सांगायचं तर हे असं असतं.

हे गमतीने लिहिलं तरी त्यात एक अडचण आहे. आरोग्य खातं राज्याचं, रजिस्टर जिल्ह्याचं. मजूर तिथे राबत असताना ठणठणीत आणि घरी आल्यावर आजारी. गोव्याच्या वहीत त्याचं नाव नाही, कारण तिथे तो आजारी पडलाच नाही. आपल्याकडच्या वहीत त्याचा ताप आहे, पण पालीचा पाचोळा नाही. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्याशिवाय गोष्ट कळत नाही. वह्या शेजारी ठेवण्याची ही सोय म्हणजेच संगणकावरचं रोगसर्वेक्षण. बाकी सगळं त्याचं सोंग-ढोंग आहे असं म्हणणार होतो, पण लेक वाचणार आहे.

मावशीची वही कशी होती ते सांगतो. २००४ च्या अखेरीस केंद्र सरकारने एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू केला. त्यात तीन प्रकारचे कागद. उपकेंद्रातल्या नर्सबाईचा एस फॉर्म, त्यात फक्त लक्षणं. डॉक्टरचा पी फॉर्म, त्यात संशयित रोग. प्रयोगशाळेचा एल फॉर्म, त्यात तपासणीत पक्का झालेला रोग. सोमवार ते रविवार असा आठवडा धरायचा आणि सोमवारी कागद प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यायचा. तिथून तो तालुक्याला, मग जिल्ह्याला. जिल्ह्यात आकडे संगणकात चढायचे आणि दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रापर्यंत जायचे. एखाद्या गावात नेहमी आठवड्याला दोन-तीन तापाचे रुग्ण असतात आणि या आठवड्यात अकरा झाले, तर कुणीतरी उठून तिथे जायचं.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण लोक नर्सबाईला फॉर्मच्या भाषेत आजार सांगत नाहीत. कुणी म्हणतं अंगात कसर आहे. कुणी म्हणतं कणकण आहे. अंग मोडून आलंय, डोस्कं उठलंय, हुडहुडी भरली, तोंड कडू झालंय. फॉर्मवर रकाने ठरलेले: नुसता ताप, पुरळासह ताप, रक्तस्रावासह ताप, गुंगी किंवा बेशुद्धीसह ताप. खोकला तीन आठवड्यांच्या आतला की वरचा. पाण्यासारखे जुलाब. कावीळ. माणसं मराठीत सांगणार, खातं कन्नडात चालणार. ‘कसर’ आणि ‘कणकण’ यांच्यात मावशीच्या लेखी फरक आहे, आणि तिने तो मला दोनदा समजावलाय. फॉर्मवर दोन्हींचं ‘नुसता ताप’ होतं.

सगळ्यात शेवटचा रकाना मावशीच्या आवडीचा होता. वरच्या कशातच न बसणारी, पण माणसाला दवाखान्यात नेणारी किंवा मारणारी काही वेगळी लक्षणं असतील तर ती तिथे लिहायची. ज्याने कुणी तो रकाना ठेवला त्याला गावाची माहिती असणार, असं ती म्हणते. नवा रोग पहिल्यांदा येतो तेव्हा त्याचं नाव फॉर्मवर छापलेलं नसतंच ना! बहुतेक सोमवारी तिथे ती शून्य घालायची. कोरा सोडायची परवानगी नव्हती. काही नसेल तर शून्य लिहा, असा नियम होता आणि तो ती देवपूजेसारखा पाळायची. हा नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एवढा खटाटोप सरकारने का मांडला, याचं एक उत्तर १९९४ मध्ये आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा तेव्हा जन्मही झालेला नसेल. बीड जिल्ह्यात मामला नावाचं गाव आहे. तिथे त्या ऑगस्टमध्ये पिसवांचा सुळसुळाट झाला आणि लोकांना ताप येऊन गाठी उठल्या. मग सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. काही दिवसांत लाखो माणसं सुरत सोडून निघाली. त्यांत मराठी माणसंही पुष्कळ, कारण सुरतेच्या गिरण्यांत आणि मागांवर खानदेशातली किती घरं होती ते तिकडच्या मंडळींना ठाऊक आहेच. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि संध्याकाळी दुकानात बसायचो. सुरत कुठे, बेळगाव कुठे, पण आमच्या काउंटरवर टेट्रासायक्लिनची विचारणा सुरू झाली. ताप कुणालाच नव्हता. “असू दे घरात” म्हणून पाकिटं मागत होते. वडिलांनी चिठ्ठीशिवाय द्यायचं बंद केलं तर चार ओळखीची गिऱ्हाइकं रुसली.

शेवटी देशभरात मृत्यूंची संख्या पन्नासच्या थोडी वर होती. पण तोवर कित्येक देशांनी भारताची विमानं थांबवली होती, आपला माल नाकारला होता. रोग किती आहे हे कुणाला नीट सांगता येत नव्हतं, त्यामुळे जो तो आपापल्या भीतीइतका मोठा धरत होता. अफवा रेल्वेने जात होती आणि नमुने खात्याच्या गतीने. त्यानंतर देशात सर्वेक्षणाची यंत्रणा उभी करायची बोलणी गंभीरपणे सुरू झाली आणि त्यातूनच पुढे मावशीच्या हातात एस फॉर्म आला.

योगायोग असा की त्याच १९९४ साली अमेरिकेत काही शास्त्रज्ञांनी प्रोमेड नावाची ईमेलची व्यवस्था सुरू केली. जगात कुठेही विचित्र आजार दिसला की डॉक्टरने, पशुवैद्याने, कुणीही कळवायचं, जाणकारांनी पारखायचं आणि सगळ्यांना पाठवायचं. फेब्रुवारी २००३ मध्ये दक्षिण चीनमधल्या गूढ न्यूमोनियाची कुणकुण, म्हणजे पुढचा सार्स, जगाला या वाटेने लागली. ३० डिसेंबर २०१९ च्या रात्री वुहानमधल्या ‘निदान न झालेल्या न्यूमोनिया’ची सूचना पुन्हा तिथूनच आली. पूर्वी जागतिक आरोग्य संघटनेला सरकारांनी अधिकृतपणे कळवेपर्यंत फारसं काही करता येत नसे. २००५ साली आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम बदलले आणि २००७ पासून बातम्या, अशा याद्या, इतर माहिती यांच्यावरूनही सरकारला विचारणा करता यायला लागली. सुरतेचं उदाहरण डोळ्यांसमोर असताना कोणतं सरकार आपणहून रोग जाहीर करेल? झाकून ठेवणं स्वस्त पडतं. हे देशांचं झालं. माणसांचंही तसंच आहे, त्याकडे येतोच.

कागदाच्या पद्धतीतला मोठा दोष वेळेचा. मंगळवारी ताप आलेला माणूस पुढच्या सोमवारी कागदावर येणार आणि आणखी दोन दिवसांनी संगणकात. आठ दिवस गेलेच. माकडतापात तेवढ्या वेळात त्याच पाचोळ्यात दुसऱ्याला गोचीड चावून त्यालाही ताप चढलेला असतो. म्हणून कागद जाऊन टॅबलेट आला. नव्या व्यवस्थेचं नाव इंटिग्रेटेड हेल्थ इन्फर्मेशन प्लॅटफॉर्म. नोव्हेंबर २०१८ मध्ये ती कर्नाटकासह सात राज्यांत सुरू झाली आणि एप्रिल २०२१ मध्ये देशभर. पूर्वी अठरा रोगांची नोंद व्हायची, आता तेहतीस. मुख्य म्हणजे नोंद गावाच्या ठिकाणासह आणि जवळजवळ त्याच दिवशी वर पोचते. मावशीला निवृत्तीच्या आधी काही महिने हा टॅबलेट वापरायला मिळाला. तो ती पदराखाली धरून न्यायची, पावसात भिजू नये म्हणून. जंगलाकडच्या वाडीत रेंज नसायची. मग भरलेली माहिती घेऊन रस्त्याच्या वळणावर यायचं, तिथे एका दगडावर उभं राहिलं की दोन काड्या यायच्या. “ह्यो दगड खात्यात हाय, पगार तेवढा नाही,” असं ती म्हणायची.

आता दिवाळीचा वाद. लेकीने तिच्या कॉलेजच्या कामासाठी तालुक्याचा नकाशा केला होता. तापाच्या नोंदींप्रमाणे गावं पिवळी, नारिंगी, लाल. नोंद नाही ती गावं हिरवीगार. खरोखर छान दिसत होता. तिचं म्हणणं असं की, आजी, आता घरोघर हिंडायची गरजच कमी होत जाणार. लोक आजारी पडले की आधी फोनवर शोधतात. पेपर, सोशल मीडिया, औषधांची विक्री, सगळं आपोआप गोळा करता येतं. यंत्र चोवीस तास वाचत बसतं, त्याला सुट्टी नको.

यातलं बरंचसं खरं आहे. बातम्या चाळून रोगाचा वास काढणाऱ्या यंत्रणा जगात पंचवीस-तीस वर्षं चालू आहेत. कॅनडाची तर १९९७ पासूनची. दिल्लीच्या केंद्रातही २००८ पासून बातम्या तपासणारा कक्ष आहे. म्हणजे मावशी सकाळी चहाबरोबर जे करते तेच. पण लेक प्रामाणिक पोरगी आहे, तिने गूगल फ्लूची गोष्टही स्वतःच सांगितली. २००८ मध्ये गूगलने लोक काय शोधतात त्यावरून अमेरिकेतली फ्लूची साथ ओळखायला सुरुवात केली. सुरुवातीला वाहवा झाली. मग २००९ ची स्वाइन फ्लूची पहिली लाट तिला दिसलीच नाही आणि २०१२-१३ च्या हिवाळ्यात तिने प्रत्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट आजारी माणसं दाखवली. टीव्हीवर फ्लूच्या बातम्या वाढल्या की धडधाकट माणसंही शोधायला लागतात, त्याला यंत्र काय करणार? २०१५ मध्ये ते बंद झालं. मला १९९४ ची टेट्रासायक्लिनची गिऱ्हाइकं आठवली.

मावशी मात्र हे सगळं ऐकत नव्हती. ती चष्मा कपाळावर सरकवून नकाशाच्या एका कोपऱ्याकडे बघत होती.

“हे हिरवं का?”

“तिथे ताप नाही, आजी. एकही नोंद नाही.”

“नोंद नाही का ताप नाही?”

लेक म्हणाली, एकच ना ते. मावशी म्हणाली, एकच कसं? त्या गावची नर्सबाई बदली होऊन गेली आणि सहा महिने जागा रिकामी असेल तर? कुणी गेलंच नाही तिकडं. शून्य लिहायला पण चालत जावं लागतं, बाळ. मी जाऊन बघून शून्य लिहिलं ते वेगळं, आणि कुणी गेलं नाही म्हणून रकाना रिकामा राहिला ते वेगळं. तुझ्या नकाशात दोन्ही हिरवं.

लेक गप्प झाली. मग लॅपटॉप उघडून काहीतरी तपासलं आणि म्हणाली, “बाबा, खरंच. कोरं सोडलं तर सॉफ्टवेअरने शून्य धरलंय.”

मला वाटतं या सगळ्या विषयाचं मर्म तिथे आहे. यंत्राचा वेग कौतुकाचा आहेच, पण यंत्राला जे कळतं ते कुणीतरी जाऊन, विचारून, लिहून आणलेलं असतं. आणि जिथे जाणारं कुणी नाही तीच गावं नकाशावर सगळ्यात निरोगी दिसतात.

दुसरं, माकडाचं. ते कुठल्या रकान्यात? एस फॉर्म माणसांचा. मेलेलं माकड वनखात्याचं आणि पशुवैद्यकाचं, म्हणजे वेगळी कचेरी, वेगळा साहेब. मावशीच्या काळात एखाद्या गुराख्याने येऊन सांगितलं की ती आपल्या खात्यात सांगायची, वनरक्षकाला निरोप द्यायची आणि स्वतःच्या डायरीत लिहून ठेवायची. ही डायरी कुठल्याही संगणकात नाही. आता ही खाती एकत्र यावीत म्हणून बोलणं चालू आहे, काही ठिकाणी काम होतही आहे. मेलेल्या माकडाचा फोटो आणि जागा पाठवायला आज कुणालाही अर्धा मिनिट लागेल, आणि ते काम तुम्ही तरुण मंडळी आमच्याहून बरं कराल. फक्त जवळ जायचं नाही, हात लावायचा नाही. लांबूनच फोटो काढून वनखात्याला किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला कळवायचं.

आता माझ्या दुकानातली गोष्ट सांगतो. कोविडच्या पहिल्या लाटेत अनेक राज्यांनी औषध दुकानदारांना सांगितलं, ताप-खोकल्याची गोळी घेणाऱ्याचं नाव आणि फोन नंबर लिहून ठेवा. कल्पना वाईट नव्हती. अमेरिकेत पिट्सबर्गच्या विद्यापीठातली मंडळी हजारो दुकानांतली सर्दी-तापाच्या औषधांची विक्री रोज बघत आली आहेत. पण त्यांना नावं लागत नाहीत, फक्त आकडे. आमच्याकडे नाव विचारलं की लोक तापच नाकारायचे. “गोळी माझ्यासाठी नाही, पाहुण्यासाठी.” नंबर असे द्यायचे की त्यात सलग नऊ नव्वे. ताप सांगितला तर घरावर कागद चिकटणार, गल्लीत बोभाटा होणार, हे त्यांना दिसत होतं.

दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात एक माणूस आला. जंगलाकडच्या वाडीतला, ओळखीचा. तापाची आणि अंगदुखीची गोळी मागितली. डोळे लालबुंद, कपाळ धरलेलं. कामाला कुठे होतास म्हटल्यावर म्हणाला, सत्तरीला, काजूला. तीन दिवसांपूर्वी आलो. मी मावशीला फोन करतो म्हटलं, त्याला सांगूनच केला. तो एवढंच म्हणाला, “अण्णा, नाव नको लिवू.” मावशीने तिथल्या आताच्या नर्सबाईला कळवलं आणि संध्याकाळपर्यंत तो सरकारी दवाखान्यात होता. रक्ताचा नमुना गेला. अहवाल यायच्या आतच ही बातमी घाट उतरून ठेकेदाराला पोचली. त्याने त्या वाडीतल्या चौघांना उरलेल्या हंगामाला येऊ नका म्हणून सांगितलं. अहवाल आला, माकडताप नव्हता. दुसरा कसलासा ताप होता, आठवड्याने माणूस बरा झाला. चौघांची दीड महिन्याची मजुरी मात्र गेली. काजूच्या पैशावर त्या घरांचा पावसाळा निघतो.

तो आता माझ्या दुकानात येत नाही. समोरच्या दुकानात जातो. मी रागावलेलो नाही, आणि पुन्हा तसं गिऱ्हाईक आलं तर पुन्हा फोन करीन, कारण तो माकडताप असता तर त्या बागेत अजून वीस माणसं वाकून काजू वेचत होती. लवकर ओळखायचं ठरवलं की दहांतल्या काही हाका फुकट जाणारच. कुणी तज्ज्ञही याला चूक म्हणणार नाही. पण त्या फुकट गेलेल्या हाकेची किंमत त्या चौघांनी भरली. मी नाही, मावशीने नाही, दिल्लीनेही नाही. तेहतीस रोगांच्या पोर्टलवर बुडालेल्या मजुरीचा रकाना नाही. तपासणीच्या दिवसांची मजुरी भरून द्यायची तजवीज झाली तर माणसं आपण होऊन ताप सांगायला येतील, असं मला वाटतं. लेकीला हे पटलं. मावशी म्हणाली, मी हे मीटिंगमध्ये दोनदा बोलले होते. लिहून घेतलं त्यांनी.

दिवाळीची सुट्टी संपायच्या आदल्या रात्री लेकीने नकाशा दुरुस्त करायला घेतला. जिथे माणूस जाऊन शून्य लिहून आलंय ती गावं हिरवी आणि जिथून काहीच आलेलं नाही ती राखाडी. बरीच राखाडी निघाली. मग मावशीने विचारलं, गवळीवाडे कुठं हाईत? लेकीच्या यादीत महसुली गावं होती. जंगलातले वाडे, आठ-दहा घरांचे, कुठल्याच गावाच्या ठिपक्याखाली नीट बसत नव्हते. मावशी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि एकेक नाव सांगायला लागली, कुठल्या ओढ्याच्या पलीकडे, कुठल्या वळणावरून वर, पावसाळ्यात वाट असते की नसते. लेक नकाशावर बोट ठेवत होती, मावशी “थोडं वर, थोडं डावीकडं” करत होती. सतरा नावं झाली तेव्हा अकरा वाजून गेले होते. लेक म्हणाली, “आजी, अजून आहेत?”

“चहा टाक,” मावशी म्हणाली. “नदीपलीकडचे सांगते आता.”